नमुन्याचे टेस्ट केस पास, तरी निवड नाही? सॉफ्टवेअर इंटर्नशिपच्या मुलाखतीबद्दल वाचकांचे प्रश्न

पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी बऱ्याच मोठ्या कंपन्यांची निवड आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टपासूनच सुरू होते. त्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांत आणि ई-मेलमध्ये याच विषयाचे प्रश्न जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी टीई (इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष) कॉम्प्युटरला आहे. आमच्या कॉलेजात मोठ्या कंपन्या येत नाहीत, सगळं ऑफ-कॅम्पस करावं लागणार. किती फेऱ्या असतात आणि कुठल्या फेरीत काय विचारतात, हे कोणी नीट सांगत नाही. (कल्याण)

रेझ्युमेची गाळणी, ऑनलाइन टेस्ट, एक किंवा दोन तांत्रिक मुलाखती आणि शेवटी एचआर, हा नेहमीचा क्रम. टेस्ट हॅकररँक, हॅकरअर्थ, मेटल अशा प्लॅटफॉर्मवर होते. साधारण ६० ते ९० मिनिटांत दोन-तीन कोडिंगचे प्रश्न सोडवायचे असतात. काही कंपन्या त्यातच अ‍ॅप्टिट्यूड आणि एमसीक्यूही घालतात. तांत्रिक मुलाखत पाऊण ते एक तासाची. एचआरची फेरी त्यामानाने हलकी असते, तिच्या तयारीत आठवडा घालवू नका.

अभ्यासाचा क्रम लावायचा तर आधी अ‍ॅरे, स्ट्रिंग आणि हॅश मॅप (किल्लीवरून तिची किंमत लगेच शोधून देणारी रचना). मग टू पॉइंटर, बायनरी सर्च, स्टॅक-क्यू, लिंक्ड लिस्ट, ट्री, बीएफएस-डीएफएस (ट्री किंवा ग्राफमध्ये थराथराने किंवा खोलवर फिरण्याच्या पद्धती). डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचे सोपे प्रकार शेवटी. सेगमेंट ट्रीसारख्या गोष्टी इंटर्नशिपला क्वचित लागतात. ज्यांचा हॅश मॅप अजून कच्चा आहे, त्यांनी तिकडे वळूच नये.

पवई, अंधेरी, लोअर परळच्या लहान स्टार्टअपमध्ये टेस्टऐवजी घरी करायचं काम देतात आणि दोन-तीन दिवसांची मुदत असते. मागितलेल्या चार गोष्टींपैकी तीनच झाल्या, पण त्या नीट चालतात आणि प्रोजेक्ट कसा सुरू करायचा ते रीडमीमध्ये (सूचनांच्या फाइलमध्ये) लिहिलंय, तर ते काम दहा अर्धवट फीचरपेक्षा सरस ठरतं. तपासणाऱ्याच्या मशीनवर ते एक-दोन कमांडमध्ये सुरू झालं नाही, तर तो त्यावर फार वेळ घालवत नाही.

मुंबईचं वेगळेपण म्हणजे इथे बँका, ब्रोकरेज आणि विमा कंपन्यांचे तंत्रज्ञान विभाग भरपूर आहेत. तिथे डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) कसून विचारतात. ‘दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढणारी क्वेरी लिहा’ हा जुना प्रश्न आजही येतो. पगार उतरत्या क्रमाने लावून पहिली ओळ सोडली आणि दुसरी उचलली, की बहुतेकांना वाटतं झालं. पण सर्वोच्च पगार दोघांना असेल तर पुन्हा तोच आकडा हाती येतो. तिथे डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरणं) लागतं. ट्रान्झॅक्शनचंही तसंच. ‘अ‍ॅसिड’ची, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या चार हमींची, चार अक्षरं पाठ म्हणून दाखवली की पुढचा प्रश्न ठरलेला: एका खात्यातून ५०० रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी सर्व्हर बंद पडला, आता काय? रोलबॅक (अर्धवट व्यवहार मागे घेणं) होऊन पैसे मूळ खात्यातच राहतात, हे सांगा. लगेच विचारतील: एकाच खात्यातून दोघांनी एकाच क्षणी पैसे काढले तर? मग आयसोलेशन (व्यवहार एकमेकांपासून अलग ठेवणं) आणि रो लॉकवर (ती ओळ तात्पुरती अडवण्यावर) बोलता आलं पाहिजे. व्याख्या सगळ्यांनाच येतात. त्यामुळे त्या व्याख्येचं प्रत्यक्षात काय होतं, ते सांगता येणाऱ्याकडे लक्ष जातं.

याशिवाय प्रोसेस आणि थ्रेड, डेडलॉकच्या चार अटी, टीसीपी आणि यूडीपी, इंडेक्समुळे वाचन जलद का होतं आणि लिहिणं मंद का, एवढं तरी स्वच्छ हवं.

प्रश्न : टेस्टमध्ये दिलेले नमुन्याचे टेस्ट केस सगळे पास होतात. सबमिट केलं की १२ पैकी ५ किंवा ६. लॉजिक बरोबर असूनही असं का होतं? मी पायथॉन वापरते. (ठाणे)

प्रश्नाच्या खाली बारीक अक्षरांत दिलेल्या मर्यादा तुम्ही शेवटी वाचत असाल किंवा वाचतच नसाल. नमुन्यात पाच-सहा संख्या असतात, लपवलेल्या टेस्ट केसमध्ये १,००,०००. एवढ्या लांबीच्या अ‍ॅरेवर प्रत्येक जोडी तपासायची तर जवळपास ५०० कोटी जोड्या होतात. सी प्लस प्लससुद्धा सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया करतं असं धरून चालतात, पायथॉन त्याहून कितीतरी मंद. वेळ मिळतो एक-दोन सेकंद, पायथॉनला काही ठिकाणी थोडा जास्त. लॉजिक बरोबर असतं, पण ते वेळेत संपत नाही.

म्हणून मर्यादा आधी वाचा, कारण कोणती पद्धत अपेक्षित आहे ते त्यातूनच कळतं. एनची (इनपुटमधल्या घटकांच्या संख्येची) कमाल २० असेल तर सगळे उपसंच तपासले तरी चालतं. ते साधारण साडेदहा लाख होतात. एन १,००० असेल तर एकात एक दोन लूप बहुधा खपतात. एन १,००,००० दिसला की सॉर्टिंग, हॅश मॅप, बायनरी सर्च किंवा एकाच फेरीत होणारं काहीतरी शोधायचं.

पायथॉनवाल्यांना दगा देणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. लिस्टच्या सुरुवातीचा घटक पॉप केला की उरलेले सगळे घटक एकेक जागा पुढे सरकतात. बीएफएसमध्ये हे केलंत तर कोड रेंगाळतो, तिथे डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरा. ‘ही संख्या लिस्टमध्ये आहे का’ असं लूपच्या आत विचारलं की प्रत्येक वेळी अख्खी लिस्ट चाळली जाते, सेट वापरा. रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची) खोली मुळात १,००० पर्यंतच असते. एका बाजूला झुकलेल्या लांब ट्रीवर कोड तिथेच कोसळतो. ही मर्यादा वाढवा, किंवा रिकर्शन सोडून स्टॅकने लिहा. इनपुट लाखभर ओळींचं असेल तर साध्या इनपुट फंक्शनऐवजी एसवायएस-एसटीडीआयएन (sys.stdin) वरून वाचा.

सी प्लस प्लस किंवा जावा वापरणाऱ्यांची अडचण निराळी असते. इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या पुढची संख्या मावत नाही. प्रत्येकी १०० कोटींपर्यंतच्या तीन संख्यांची बेरीजही त्यापलीकडे जाऊ शकते, आणि उत्तर ऋण येतं. बेरीज किंवा गुणाकार दिसला की सी प्लस प्लसमध्ये लाँग लाँग आणि जावात लाँग घ्या.

सबमिट करण्याआधी एकच घटक, सगळे घटक सारखे आणि सगळे ऋण, असे तीन इनपुट हाताने चालवून बघा. आणि टेस्ट सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटं सगळे प्रश्न वाचण्यात घालवा. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा सोपा निघणं अगदी नेहमीचं आहे. एखाद्यावर २० मिनिटं अडकलात तर मंद पद्धतीचा का होईना, चालणारा कोड सबमिट करून पुढे जा. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर पास झालेल्या टेस्ट केसचे गुण मिळतात, आणि कोरं सोडलेल्याला शून्य.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. कोडिंग येतं, पण मुलाखतीत इंग्रजीत बोलताना अडखळतो आणि मग गप्प बसतो. त्या ४५ मिनिटांत नेमकं काय बघतात? (लालबाग)

अडखळण्याने फारसं बिघडत नाही. गप्प बसण्याने मात्र सगळंच बिघडतं, कारण समोरच्याला तुमच्या डोक्यात काय चाललंय हे कळायचा दुसरा मार्गच नसतो. व्याकरण चुकलेलं, तुटक पण सतत चालू असलेलं इंग्रजी पुरतं. एकेका कल्पनेला एकेक छोटं वाक्य करा. मुलाखत घेणारा मराठी असला तरी तो स्वतः मराठीत येईपर्यंत आपण वळू नये. तो आलाच तर बिनदिक्कत मराठीत समजावून सांगा.

आता वेळेचा हिशेब. ओळख आणि प्रोजेक्टचे दोन शब्द यांत पाच मिनिटं जातात. प्रश्न समजून घ्यायला पाच, पद्धत ठरवायला दहा, कोडला पंधरा, तपासणीला पाच, आणि शेवटची पाच तुमच्या प्रश्नांसाठी. बहुतेकांची गाडी इथेच चुकते: ते दुसऱ्याच मिनिटाला कोड लिहायला घेतात.

एक प्रश्न घेऊन बघू. पूर्णांकांचा अ‍ॅरे आणि के ही संख्या दिली आहे. ज्यांची बेरीज बरोबर के येते असे सलग तुकडे किती?

आधी विचारा: लांबी किती असेल? तुकड्यांची संख्या हवी की तुकडेच छापायचे? अ‍ॅरे रिकामा असू शकतो का? आणि संख्या ऋण असू शकतात का? यातला शेवटचा प्रश्न लाखमोलाचा आहे. सगळ्या संख्या धन असतील तर स्लायडिंग विंडो चालते, म्हणजे बेरीज के पेक्षा वाढली की डावं टोक पुढे सरकवायचं. ऋण संख्या आल्या की हा आधारच जातो, कारण खिडकी मोठी केल्यावर बेरीज कमीही होऊ शकते. हे न विचारता विंडो लिहायला घेतलेला उमेदवार पंधरा मिनिटांनी अडकतो आणि मग वेळ उरत नाही.

त्यानंतर सोपी पद्धत तोंडाने सांगा: प्रत्येक सुरुवात घ्यायची, पुढे बेरीज करत जायचं, एनच्या वर्गाइतका वेळ लागेल. ती लिहायची गरज नाही, पण ती सांगितली की हातात एक बरोबर उत्तर असल्याचं समोरच्याला कळतं. मग सुधारणा. सुरुवातीपासून आतापर्यंतची बेरीज धरत जा. आत्ताची बेरीज ७ असेल आणि के सुद्धा ७ असेल, तर आधी कुठेतरी बेरीज शून्य झाली होती का, आणि किती वेळा, एवढंच शोधायचं. त्यासाठी हॅश मॅपमध्ये प्रत्येक बेरीज किती वेळा दिसली ते ठेवायचं.

अ‍ॅरे ३, ४, −७, ७ घ्या आणि के ७. सुरुवातीला मॅपमध्ये ‘शून्य, एकदा’ अशी नोंद करा. चालत्या बेरजा येतात ३, ७, ०, ७. पहिल्या पायरीला हवी ३ वजा ७ म्हणजे −४. ती मॅपमध्ये नाही. दुसरीला हवी ०. ती एकदा आहे, म्हणून उत्तर १. तिसरीला हवी −७; ती नाही, पण बेरीज पुन्हा शून्य झाल्यामुळे शून्याची नोंद आता दोनदा. चौथीला हवी ०, ती दोनदा, म्हणून उत्तर ३. हाताने मोजून बघा: ३ आणि ४ चा तुकडा, शेवटचा एकटा ७, आणि अख्खा अ‍ॅरे. सुरुवातीची ‘शून्य, एकदा’ ही नोंद विसरलात तर उत्तर ३ ऐवजी १ येतं, कारण पहिल्या घटकापासून सुरू होणारे तुकडे मोजलेच जात नाहीत. या प्रश्नातली सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

असं छोटं उदाहरण कोड लिहून झाल्यावर ओळीओळीने मोठ्याने चालवून दाखवा. काही कंपन्या कोड न चालणाऱ्या साध्या डॉक्युमेंटमध्ये लिहायला लावतात. तिथे ही सवय नसेल तर चूक सापडतच नाही. तुमची तुम्हीच चूक पकडून दुरुस्त केलीत तर ती तुमच्या बाजूने मोजली जाते.

‘नक्की ना?’ किंवा ‘हे इनपुट दिलं तर?’ असं समोरून आलं, की तो इशारा समजा. आपल्याच पद्धतीचं समर्थन करत बसू नका, दिलेलं इनपुट चालवून बघा. इशारा घेऊन पुढे सरकलेल्याला गुण कमी पडतात, पण निवड होऊ शकते. इशारा न ऐकणाऱ्यासोबत काम करणं अवघड जाईल, असं मत मात्र लगेच तयार होतं.

सराव एकट्याने लिहून होत नाही. मित्राला समोर बसवा, ४५ मिनिटांचा गजर लावा, न पाहिलेला प्रश्न घ्या आणि बोलत सोडवा. आठवड्यातून दोनदा, महिनाभर हे केलंत तर वाक्यं आपोआप तोंडात बसतील.

प्रश्न : आमचा मिनी प्रोजेक्ट चौघांचा होता, मी फक्त लॉगिन पेज केलं. रेझ्युमेवर सगळा प्रोजेक्ट लिहू की नको? (नेरूळ)

प्रोजेक्टचं नाव लिहा, आणि खाली तुम्ही केलेला भाग स्पष्ट लिहा. लॉगिन हा लहान भाग नाही. त्यावर वीस मिनिटं सहज विचारता येतं. पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवला? तसाच ठेवला असेल तर मुलाखतीआधी बदला आणि बीक्रिप्ट वापरा (ते पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप, म्हणजे हॅश, बनवतं). बीक्रिप्ट का, साधं एसएचए-२५६ का नाही? कारण एसएचए फार जलद आहे. चोरलेल्या यादीवर हल्लेखोर सेकंदाला प्रचंड संख्येने अंदाज लावू शकतो, बीक्रिप्ट मुद्दाम मंद केलेलं आहे. सॉल्ट, म्हणजे हॅश करण्याआधी पासवर्डला जोडलेला वेगवेगळा मजकूर, कशासाठी? दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी हॅश वेगळा यावा म्हणून. क्वेरी स्ट्रिंग जोडून बनवलीत का? तसं असेल तर एसक्यूएल इंजेक्शनला (इनपुटमधून घुसवलेल्या क्वेरीला) दार उघडं आहे, पॅरामीटर वापरा. चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा आहे का? लॉगिन झाल्यावर सेशन ठेवता की टोकन, आणि ते टोकन चोरीला गेलं तर? एवढ्याची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याला बाकीच्या तिघांचं काम आपलं म्हणून सांगायची गरजच पडत नाही.

मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट असणाऱ्यांना एक सूचना. ‘अचूकता ९५ टक्के’ असं लिहिलं असेल, तर डेटात कुठला वर्ग किती टक्के होता ते माहीत हवं. १०० पैकी ९५ नोंदी एकाच प्रकारच्या असतील, तर डोळे मिटून तोच प्रकार सांगणारं मॉडेलसुद्धा ९५ टक्केच देतं.

प्रश्न : माझी एक केटी (न सुटलेला विषय) आहे. अर्ज करून उपयोग आहे का? (विरार)

मोठ्या कंपन्यांच्या अर्जात बहुधा ‘सुटलेली नसलेली केटी नको’ अशी अट असते आणि सीजीपीएची मर्यादा असते. तिथे खोटी माहिती भरू नका. पुढे कागदपत्रं तपासताना मिळालेली ऑफर रद्द होते. लहान कंपन्या आणि स्टार्टअप केटी फारशी विचारत नाहीत, त्यांना चालणारा प्रोजेक्ट बघायचा असतो. केटी सुटेपर्यंत तिकडे अर्ज करा.

प्रश्न : घर एका खोलीचं, बाजूला रेल्वे लाइन. ऑनलाइन मुलाखत कुठून द्यावी? (डोंबिवली)

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला दोन दिवस आधी सांगितलं तर लॅब किंवा छोटी खोली मिळू शकते. पहिला प्रयत्न तो करा. घरूनच द्यायची झाली तर मायक्रोफोन असलेला वायरचा हेडफोन वापरा, लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा, मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून तपासून ठेवा. मुलाखत ठरवणाऱ्याचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. संपर्क तुटला तर आधी परत जोडा, मग फोन करा. गाडी जात असेल तर ‘थोडं थांबतो’ असं सांगणं अगदी रास्त आहे.

प्रत्यक्ष बोलावलं असेल आणि दिवस रविवार असेल, तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघा. ऐरोलीला जायचं तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर, बीकेसीला (बांद्रा-कुर्ला संकुल) मेट्रो ३ चं स्वतःचं स्टेशन आहे.

प्रश्न : टेस्ट देताना एआयची मदत घेतली तर कळतं का? (बोरिवली)

टॅब बदलल्याची, बाहेरून पेस्ट केल्याची नोंद होते, कॅमेरा चालू असतो आणि सगळ्यांचे कोड एकमेकांशी ताडून बघतात. यातून निसटलात तरी पुढच्या मुलाखतीत तोच कोड उघडून ‘ही ओळ का लिहिली, ती काढली तर काय होईल’ असं विचारतात. काही कंपन्या घरी करायच्या कामात एआयला परवानगी देतात. तसं सूचनेत लिहिलेलं असेल तरच वापरा, आणि कुठे वापरलं ते रीडमीमध्ये लिहा. सराव करताना मात्र सुटलेल्या प्रश्नातली चूक समजून घ्यायला त्याचा चांगला उपयोग होतो.

प्रश्न : मुलीला एका कंपनीकडून इंटर्नशिपचं पत्र आलं. मुलाखत चॅटवरच झाली. आता लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी पैसे मागतायत. भरावेत का? (गिरगाव)

नाही, ताई. एक रुपयाही भरू नका. नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉप, प्रमाणपत्र, कुठल्याही नावाने पैसे मागणारी इंटर्नशिप खरी समजू नये. पत्र ज्या ई-मेलवरून आलं त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटशी जुळतो का ते बघा, आणि वेबसाइटवरच्या नंबरवर स्वतः फोन करा. पत्रातल्या नंबरवर नको. पैसे आधीच गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : निवड झाली! होकार देण्याआधी काय तपासायचं? (मुलुंड)

अभिनंदन. तारखा आधी बघा. इंटर्नशिप मेच्या सुरुवातीला सुरू होत असेल आणि विद्यापीठाची परीक्षा तोपर्यंत संपत नसेल, तर आजच कळवा. आठवडाभर पुढे ढकलायला कंपन्या सहसा तयार असतात, पण ऐनवेळी सांगितलं तर नाही. कॉलेजची एनओसी लागते का ते विचारा आणि अर्ज लगेच टाका, सह्यांना वेळ लागतो. पत्रात स्टायपेंडची रक्कम, कालावधी, कामाची जागा आणि तुमचा विभाग लिहिलेला हवा. शेवटी पूर्णवेळ नोकरीची ऑफर देण्याची पद्धत आहे का, आणि ती कशावर ठरते, हे मोकळेपणाने विचारा. बाँड असेल तर मुदत आणि रक्कम वाचल्याशिवाय सही नको. मूळ गुणपत्रिका दाखवायला न्या, त्यांच्या समोर झेरॉक्स जोडा आणि मूळ कागद त्याच वेळी परत घेऊन या.